हिंजवडीच्या स्ट्रॉबेरीचं पथ्यपाणी

नारायण पेठेतून हिंजवडीला जाऊन आलेल्या बाईने प्रवासवर्णन लिहू नये, असं आमच्या ह्यांचं मत आहे. "काश्मीरहून आलीस तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीस," असं ते म्हणाले. खरं आहे. काश्मीरला मी बर्फ बघितला, एक शाल घेतली आणि परत आले. हिंजवडीला दोन दिवसांसाठी म्हणून गेले ती अकरा दिवस राहिले. तिथे माझं पोट बिघडलं, बत्तीस वर्षं सांभाळलेला शिक्षकी तोरा उतरला आणि कधी भेटले नसते अशा माणसांवर माझा जीव जडला. आमच्या पेठेतल्या निम्म्या लोकांनी हिंजवडी अजून पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जायचं कारण अश्विनी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे, तेव्हा ही येरवड्याहून दोन बस बदलून यायची आणि पहिल्या बाकावर बसायची. पुढे इंजिनियर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली. कंपनीच्या बसने चार वर्षं ये-जा केली आणि त्या बसच्या मालकाशीच, सागरशी, लग्न केलं. बसभाड्याचा प्रश्न कायमचा मिटला, असं मी लग्नात म्हटलं होतं आणि कुणीही हसलं नव्हतं. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि सासरच्या सहा गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावली.

"मॅडम, कॅल्शियम डेफिशियन्सी झालीय ओ," तिचा फोन आला. "सगळं ट्राय केलं. तुम्ही येऊन बघाल का?"

निवृत्त शिक्षिकेला असं कुणी विचारलं की ती पिशवी भरायला घेते. हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "स्ट्रॉबेरी बघायला चालली आहेस, वर्ग घ्यायला नाही. एवढं लक्षात ठेव."

गुरुवार

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी साडेनऊला निघाले आणि पोचले तेव्हा जेवणाची वेळ टळली होती. मध्ये मी मेट्रोचे खांब मोजत होते, ते वाकडला सोडून दिले.

उतरल्यावर मात्र मी रस्त्याच्या कडेला उभीच राहिले. काचेच्या उंचच उंच इमारती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली, वडापावच्या गाडीशी अर्ध्या इंग्रजीत चाललेला वाद, आणि या सगळ्यातून एक म्हैस कुणाकडेही न बघता रस्ता ओलांडत होती. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. ती म्हैस अश्विनीच्याच घरची निघाली.

घर जुन्या गावठाणात, दुमजली आणि ऐसपैस. मागे प्लास्टिकच्या छपराची शेड, आणि शेडच्या तिन्ही अंगांना कंपन्यांच्या इमारती. सकाळी नऊपर्यंत शेडवर त्यांची सावली असते आणि दुपारी त्यांच्या काचांवरून उलटून आलेलं ऊन डोळ्यांवर येतं. आत कमरेइतक्या उंच घोड्यांवर नारळाच्या भुशाच्या लांब पिशव्या मांडलेल्या होत्या आणि त्यांत महाबळेश्वराहून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपं. पांढरी फुलं आलेली, काही ठिकाणी हिरवी फळं धरलेली. लांबून सगळं छान दिसत होतं.

मी चष्मा चढवून वाकले. रोपाच्या गाभ्यातून निघणारं प्रत्येक कोवळं पान टोकाला काळं पडलेलं होतं. उघडण्याआधीच जळलेलं. जी पानं कशीबशी उघडली होती ती चुरगळलेली, द्रोणासारखी वळलेली. फळाच्या डोक्यावरची हिरवी टोपीसुद्धा कडेने करपलेली. जुनी पानं मात्र तुकतुकीत होती. हे कॅल्शियमचंच लक्षण, यात शंका नव्हती.

अश्विनीने लॅपटॉप उघडून मला तक्ता दाखवला. कोणत्या तारखेला कोणतं खत, किती ग्रॅम, किती वाजता. शेडच्या कोपऱ्यात दोन निळे ड्रम होते, एकात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात बाकीची खतं. ही दोन एकत्र केली तर साका बसतो आणि दोन्ही वाया जातात, हे तिला मी शिकवल्याचं तिने आवर्जून सांगितलं. ती संध्याकाळी ड्रम भरून ठेवायची, सकाळी सात वाजता टायमरवर पंप सुरू व्हायचा आणि बारीक नळ्यांतून खत रोपांपर्यंत पोचायचं.

"मग कमी पडत असेल," मी म्हणाले. "कॅल्शियमचा डोस दीडपट कर."

तिने लगेच लिहून घेतलं. शाबासकी मिळाल्यासारखा तिचा चेहरा उजळला. ही माझी पहिली चूक, आणि ती मी खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप असताना केली.

त्या कपात चहा ओततानाच भांड्याच्या आतला पांढरा थर मला दिसला होता. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांना चुना धरतो. म्हणजे पाण्यात कॅल्शियम होतं, खतात होतं, फक्त पानात नव्हतं. आश्चर्य वाटायला हवं होतं, पण बाहेरून जेवायला बोलावणं आलं.

जेवणाबद्दल लिहिणं भाग आहे. आमच्या घरी पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं एकदा विचारतात. पाहुणा "नको" म्हणाला तर त्याच्या शब्दाला मान देतात. इथे अश्विनीच्या सासूबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, काही विचारतच नव्हत्या. ताटात बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. ती संपते न संपते तोच इंद्रायणीचा भात, त्यावर तूप. मी ताटावर हात आडवा धरला, तर हाताच्या बाजूने वाढलं.

"बाई, खाताय का नुसतं चिवडताय? पेठंत उपाशी ठिवत्यात व्हय?"

"अहो अक्का, पोट भरलं."

"पोट भरल्यावर जे खात्यात, तेच अंगाला लागतंय," असं म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी टाकली. मी ती खाल्ली. नकार देण्याचा माझा आयुष्यभराचा सराव तिथे काही कामाला आला नाही.

शुक्रवार

सकाळी अश्विनीचे सासरे, आबा, ओट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, टोपी नीट, बोलणं थोडं. मी चहा घेऊन शेजारी बसले. खरा प्रश्न काय आहे तो मला तेव्हा कळला.

सागरच्या तीन बस होत्या. कंपन्यांची माणसं ने-आण करायच्या. पण हिंजवडीत सगळ्यात दुर्मीळ गोष्ट म्हणजे बस उभी करायची जागा. रस्त्यावर लावल्या की कुणीतरी काच फोडतं नाहीतर पोलीस उचलून नेतात. दोन कंत्राटं याच पायी हातची गेली होती. घरची उरलेली मोकळी जमीन म्हणजे स्ट्रॉबेरीचे ते सहा गुंठे.

"दत्तजयंतीपातुर सांगितलंय पोरीला," आबा म्हणाले. "झाडं नीट झाली तर ऱ्हाऊ दे. न्हायतर शेड काढायची, मुरूम टाकायचा, गाड्या लावायच्या. मी बोललोय. आता मागं कसं सरायचं?"

"आणि सागरचं काय म्हणणं आहे?"

"त्यो कशाला बोलतोय? गाड्या त्याच्याच हायेत."

दत्तजयंती पुढच्या आठवड्यातल्या रविवारी होती. अश्विनीने मला फोनवर हे सांगितलं नव्हतं. मी शेडमध्ये गेले, तेव्हा ती एकेका रोपावरून जळकी पानं कात्रीने काढत होती. मी विचारलं, तशी कात्री थांबली.

"मॅडम, जॉब सोडला तेव्हा सगळे म्हणाले, वेडी आहे. सागर एकटाच म्हणाला की कर. आता त्याच्याच गाड्यांना जागा नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणू, अजून एक महिना द्या?" असं म्हणून ती पुन्हा पानं कापू लागली. तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा लक्षात आलं, ती किती वाळली आहे. मला फार वाईट वाटलं. मी उद्या घरी जाणार होते, तो बेत मनातल्या मनात पुढे ढकलला.

रात्रीच्या जेवणात अक्कांनी माझ्यासाठी खास मासवड्या केल्या होत्या. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा. नाव ऐकून मी आधी दचकले, पण मासळीचा त्यात काहीही संबंध नसतो. मी किती खाल्ल्या ते इथे लिहीत नाही, कारण हे वाचणार आहेत.

शनिवार

मासवड्यांनी मला पहाटे साडेपाचला उठवलं आणि मग बसू दिलं नाही. तिसऱ्या फेरीनंतर मी अंगणातल्या हौदापाशी तोंड धुवायला थांबले. हौदाशेजारी एक फुटकं घमेलं होतं आणि त्यात स्ट्रॉबेरीची पाच-सहा रोपं. लावणीच्या वेळी अश्विनीने मरतुकडी म्हणून बाजूला टाकलेली. जिवंत झाड उकिरड्यावर टाकू नये, म्हणून आबांनी ती घमेल्यात खोचली होती, हे नंतर समजलं.

फटफटत होतं. मी वाकून बघितलं आणि पोटातली कळ विसरले. त्या रोपांच्या पानांच्या कडेला, प्रत्येक दातऱ्यावर एक, असे पाण्याचे थेंब ओळीने बसले होते. आणि गाभ्यातलं पान हिरवंगार, टोकापर्यंत धड. दव असेल म्हणून मी पदराने पान पुसलं. थोड्या वेळाने पाहिलं तर थेंब पुन्हा कडेलाच आले होते. म्हणजे ते वरून पडलेलं दव नव्हतं. रात्रभर मुळांनी उचललेलं पाणी पानांच्या कडांतून बाहेर येत होतं.

तशीच शेडमध्ये गेले. रांगेमागून रांग बघितली. एकाही पानावर थेंब नव्हता.

इथे मी वर्ग घेणार आहे, ह्यांनी क्षमा करावी. कॅल्शियमला स्वतःचे पाय नसतात. झाडात पाणी जिथे जाईल तिथेच ते जातं. आणि एकदा थोरल्या पानात जाऊन बसलं की धाकट्यासाठी उठत नाही. दिवसा उन्हाने थोरली पानं पाणी ओढतात, तेव्हा गाभ्यातल्या मिटलेल्या पानाच्या वाट्याला काही येत नाही. त्याची वेळ पहाटेची. रात्री मुळं पाणी वर ढकलतात, ते कोवळ्या पानापर्यंत पोचतं आणि सोबत कॅल्शियमही. पण मुळाशी क्षार जास्त झाले, तर मूळ पाणी उचलेनासंच होतं. मग बाहेर कितीही कॅल्शियम ओता, ते दारातच पडून राहतं.

अश्विनीकडे क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र होतं, पण त्यातला सेल कधीच गेला होता. तक्ता चालू असल्यामुळे यंत्राची गरज तिला वाटली नव्हती. सेल आणवला. पिशव्यांखालून गळणारं पाणी वाटीत धरलं, मोजलं. तिच्या तक्त्याप्रमाणे यायला हवं होतं त्याच्या तिपटीने खारं.

"इम्पॉसिबल," ती म्हणाली. "मी एवढं घातलंच नाहीये."

आम्ही कॅल्शियमचा ड्रम रिकामा केला. तळाला बोटभर पांढरा साका. मी स्वयंपाकघरातून लिंबू आणलं आणि चिमूटभर साक्यावर पिळलं. फसफसून बुडबुडे आले.

"हा चुना आहे," मी म्हणाले. "या ड्रममध्ये चुना कुणी घातला?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

चुन्याची निवळी कुणाला सांगायला नको. चुना पाण्यात कालवायचा, वरचं नितळ पाणी काढायचं आणि अशक्त पोराला नाहीतर बाळंतिणीला चमचाभर द्यायचं. घरात कॅल्शियम, कॅल्शियम चाललेलं अक्कांनी ऐकलं होतं. रोज दिवेलागणीला, अश्विनी आत गेली की, त्या तांब्याभर निवळी ड्रममध्ये ओतून यायच्या.

"मला वाटलं, पोरगी येवढी रडती. झाडांस्नी ताकद येईल," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही पोरांना निवळीवरच वाढवलंय मी."

रागावणं शक्यच नव्हतं. त्याच क्षणी मला आतून पुन्हा कळ आली आणि जावं लागलं. परत आले, तर अक्कांनी माझ्यासाठी मीठ-साखरेचं पाणी आणि भाताची पेज तयार ठेवली होती. "दोन दिस दुसरं कायबी मागायचं न्हाय," त्यांनी दम दिला.

"अक्का, मला का नाही देणार?"

"पोट बिघडल्यावर कोण वाढतंय?"

"मग त्या झाडांचंही तेच झालंय हो. आपण सगळ्यांनी मिळून त्यांना मासवड्या घातल्यात."

अक्का कपाळावर हात मारून हसायला लागल्या. मला पोट धरून हसताही येत नव्हतं. मी त्यांना हेही सांगितलं की डोस दीडपट करायला मीच लावलं होतं, तेव्हा गुन्ह्यात मीही आहे. त्यांना बरं वाटलं.

ड्रम घासून धुतला. त्यात नेहमीच्या अर्ध्याहून कमी खत घातलं. पिशव्यांतून साधं पाणी सोडून क्षार धुऊन काढायचं ठरलं, आणि ते सावकाश, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. शेडचे पडदे दिवसा उघडायचे आणि संध्याकाळी लवकर सोडायचे, म्हणजे रात्री आत ओलावा राहील.

आठ वाजता ह्यांचा फोन आला. "स्ट्रॉबेरी सुधारली का?"

"नाही. मी राहते आहे."

"रहा. मी रोज पिठलं करतो आहे. छान होतं आहे, असं कुणी म्हणालेलं नाही."

रविवार आणि सोमवार

रविवारी सकाळी ड्रममध्ये बघते तर पुन्हा पांढरा साका. अक्कांनी देवाची शपथ घेतली. मी लिंबू पिळलं. या वेळी एक बुडबुडा आला नाही, साका नुसताच हळूहळू विरघळला. चुना नव्हता तो. कॅल्शियमच्या ड्रममध्ये फॉस्फेट गेल्याशिवाय असा साका बसत नाही, आणि फॉस्फेट होतं दुसऱ्या ड्रममधल्या खतात.

अश्विनीच्या मनात काय आलं ते मला दिसलं. माझ्याही मनात तेच आलं होतं. ही शेड गेल्यावर फायदा एकाच माणसाचा होता. रात्री सागर जेवायला बसला तेव्हा ती त्याच्याशी बोलली नाही. आठवड्यातले सहा दिवस पहाटे पाचला बस काढणारा, गप्पगप्प राहणारा मुलगा. मला "मॅडम, गरम पाणी मिळतंय ना?" एवढंच रोज विचारायचा.

सोमवारी पहाटे मी शेडच्या दाराशी शाल गुंडाळून बसले. अश्विनीला मी उठवलं नव्हतं, पण ती आधीच येऊन बसली होती. पाचला दहा कमी असताना सागर आला. हातात एक पाकीट आणि प्लास्टिकचा मग. त्याने ड्रमचं झाकण उघडलं, मगभर पांढरी पूड ओतली आणि काठीने नीट ढवळली. मग पहिल्या रांगेपाशी जाऊन मोबाईलच्या उजेडात एक रोप बघितलं. जळकं पान बोटाने सरळ करू लागला.

"सागर," अश्विनीने हाक मारली.

तो असा दचकला की हातातला मग खाली पडला.

पाकीट एकोणीस-एकोणीस-एकोणीस खताचं होतं, प्रत्येक कृषी केंद्रात मिळतं ते. कशाने अशक्तपणा आला असेल ते कळेना, तेव्हा सगळं थोडं थोडं असलेलं बरं, असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. तीन आठवडे तो ते घालत होता.

"मला सांगायचं तरी," अश्विनी म्हणाली.

"कसं सांगणार? माझ्या गाड्यांपायी तुझी शेड जाणार. मी मधी बोललो तर आबांना वाटंल, बायकोची बाजू घेतो. तुला वाटंल, दाखवायला करतो. म्हटलं, गुपचूप घालावं. झाडं सुधारली की झालं."

ती रडायला लागली आणि रडता रडता त्याला म्हणाली, "अरे, त्याच्यात अमोनियम असतं, पोटॅश असतं. ते कॅल्शियमला आत येऊच देत नाही." मग तिने त्याच्या शर्टावरची पूड झटकली. मी तिथून उठले. त्या दिवशी कंपनीची बस पंचवीस मिनिटं उशिरा गेली.

मंगळवार ते शनिवार

यानंतर आम्ही जे केलं ते त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. काही घातलं नाही. साधं पाणी, चवीपुरतं खत, बस्स. अश्विनी आणि मी रोज सकाळी गळणारं पाणी मोजायचो आणि आकडा थोडा थोडा उतरत होता. अक्का शेडच्या दारापर्यंत यायच्या, हात मागे बांधून बघायच्या आणि परत जायच्या. उपाशी लेकरं बघवत नाहीत, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मंगळवार सगळ्यात वाईट गेला. आकडा उतरला होता तरी गाभ्यातून येणारं प्रत्येक पान काळ्या टोकाचंच होतं. ती पानं आधीच आत तयार झालेली, त्यांचं नुकसान होऊन गेलेलं, हे मला कळत होतं. पण पाच दिवसांवर दत्तजयंती असलेल्या मुलीला ते सांगून काय उपयोग? तिने जेवताना मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा. होईल?" मी बत्तीस वर्षांत विद्यार्थ्याला कधी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

बुधवारी पहाटे शेवटच्या रांगेत सहा रोपांवर थेंब दिसले. गुरुवारी तीन रांगांत. अश्विनीने मला मिठी मारली. मी मिठ्या मारणाऱ्यांतली नाही, पण मारली. शनिवारी सकाळी एका रोपाच्या गाभ्यातून एक पान उलगडलं. इवलंसं, फिकट हिरवं, तिन्ही दलांची टोकं शाबूत.

आम्ही मोजली. चार हजार रोपांत एकोणीस धड पानं. चार हजारांत एकोणीस म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि उद्या दत्तजयंती.

रविवार

आबा देवळातून आले, टोपी बदलली आणि थेट शेडमध्ये गेले. आम्ही सगळे मागोमाग. अश्विनीने त्यांना ती पानं दाखवली. ती समजावत होती की आता नवीन येणारं प्रत्येक पान असंच येईल, फक्त वेळ लागेल, फळ जानेवारीत लागेल. आबांनी प्रत्येक पान वाकून बघितलं. एकोणीसच्या एकोणीस. सागर मध्येच म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ दे शेड. मी गाड्यांचं बघतो कायतरी." वडिलांसमोर तो एवढं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

आबांनी पाठ सरळ केली. शेडमधून निघाले, घराला वळसा घातला आणि पलीकडच्या जुन्या गोठ्यापाशी जाऊन उभे राहिले. दगडी जोत्याचा, पत्र्याच्या छपराचा लांबरुंद गोठा. म्हैस असते अंगणात, गोठ्यात कुणीच नव्हतं. आबांची शेवटची बैलजोडी विकून बरीच वर्षं झाली होती. तरी गोठा ते रोज सकाळी झाडतात, दावणीला हात लावू देत नाहीत, आणि पाडायचा विषय काढलेला त्यांना खपत नाही, हे अक्कांनी मला हळूच कानात सांगितलं.

"ह्यो पाडा," आबा म्हणाले.

अक्कांनी खांबाला धरलं.

"आबा, अहो..." सागर एवढंच म्हणाला. मग काहीतरी करायचं म्हणून तो वळला. "थांबा, टेप आणतो. गाड्या बसतील का ते मोजून तरी बघू."

"टेप कशाला?" आबा म्हणाले. ते दावणीकडे बघत होते, आमच्याकडे नाही. "तिन्ही बसत्यात. दोन आडव्या, एक उभी. मी मोजलंय मंगळवारीच."

मंगळवारी शेडमध्ये एकही धड पान आलेलं नव्हतं.